लोकेशन

मुंबईतल्या प्रत्येक वस्तीत एक माणूस असा असतो, की ज्याला तिथल्या भिंती महापालिकेपेक्षा जास्त ठाऊक असतात. कुठल्या भिंतीचे पोपडे कसे सुटलेत, कुठल्या जिन्यावर सकाळी साडेआठला तिरपं ऊन येतं, कुठल्या नळावर किती वाजता हमखास भांडण मिळतं, हे त्याचं तोंडपाठ असतं. घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर या माणसाला ‘लोकेशन’ म्हणतात. आधार कार्डावर दुसरं नाव आहे, पण ते रेशनच्या दुकानात आणि आईचं डोकं फिरलं तरच वापरात येतं.

लोकेशन म्युझिक व्हिडिओवाल्यांना वस्ती दाखवतो. वर्सोव्याच्या आरामनगरातून मंडळी रेकीला येतात, तेव्हा हा मेट्रोच्या जिन्याखाली त्यांची वाट बघत उभा असतो. कमरेला पट्ट्याचं पाकीट, त्यात दोन फोन, एक मोजपट्टी आणि परवानगीच्या अर्जांच्या झेरॉक्स. पायांत पांढरे शुभ्र बूट. खरे का, असं विचारलं तर म्हणतो, “कॅमेऱ्यात खरे.” शूटिंग नसेल त्या दिवशी तोच पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून लोकांची जेवणं पोचवतो. म्हणजे एक दिवस लोक त्याच्याकडे गरिबी मागतात आणि दुसऱ्या दिवशी बिर्याणी. दोन्ही वेळेवर पोचवायची, हा त्याचा बाणा.

रेकीचा विधी ठरलेला आहे. दिग्दर्शक फोनवर चित्रं दाखवतो: ओली गल्ली, निळा उजेड, लोंबणाऱ्या वायरी, टोपी डोळ्यांवर ओढलेला पोरगा. “एकदम असं पाहिजे. रॉ.”

लोकेशन चित्र दोन बोटांनी मोठं करतो आणि अदबीने सांगतो, “सर, हे ब्राझील आहे.”

“हां, पण आपलं ब्राझील पाहिजे.”

ब्राझीलचाही त्याचा अभ्यास आहे. १९९६ मध्ये मायकल जॅक्सन ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’च्या व्हिडिओसाठी रिओच्या सांता मार्ता वस्तीत गेला, दिग्दर्शक स्पाइक ली. शहराची बदनामी होईल म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी मोडता घातला. २०१० मध्ये त्याच वस्तीत मायकलचा पुतळा उभा राहिला. लोकेशन यातून धंद्याचं गणित काढतो. “वस्ती दाखवली की बदनामी, वस्ती गाजली की पुतळा. मधली चौदा वर्षं आपल्यासारख्याच्या कामाची.”

त्याने गरिबीची प्रतवारी लावून ठेवली आहे. फोन आला की पहिला प्रश्न, “सर, कुठली पाहिजे?” कष्टाळू गरिबी बँका आणि विमा कंपन्यांच्या गाण्यांना लागते; तिच्यात पहाट असते, सायकल असते आणि आई दारात येऊन डबा देते. भडकलेली गरिबी रॅपला. तिच्यात रात्र असते, धूर असतो आणि पन्नास पोरं एकाच दिशेला हात फेकत असतात. नाचरी गरिबी गणपती आणि दहीहंडीच्या सीझनला. तिच्यात कुणालाच दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसतं. आणि रंगीत गरिबी परदेशी पार्टीला. हिच्यात बाराही महिने होळी. जानेवारी २०१६ मध्ये कोल्डप्लेचा ‘हिम फॉर द वीकेंड’ आला. मुंबईत फिरलेल्या त्या कॅमेऱ्यासमोर पोरांनी गायकाला रंगात न्हाऊ घातलं होतं, आणि हा भारत नक्की कुठला, म्हणून इकडे बरीच वादावादी झाली. लोकेशन वादात पडला नाही. त्याने तेवढा धडा घेतला, की पोटमाळ्यावर वर्षभर गुलाल ठेवायचा.

हा पोटमाळा बघण्यासारखा आहे. तिथे एक पितळी स्टोव्ह आहे, अख्ख्या डोंगरावर उरलेला बहुधा शेवटचा. रॉकेल मिळत नाही, तेव्हा तो पेटत नाही. धूर मशीनचा येतो. शिवाय एक कंदील, दोन चेपलेल्या बादल्या, पत्र्याची ट्रंक, तडकलेला आरसा, आणि हार घातलेला एक फोटो. हे गृहस्थ आजवर पाच व्हिडिओंत पाच वेगवेगळ्या हिरोंचे वारलेले वडील झालेले आहेत. प्रत्यक्षात ते लोकेशनचे मामा असून नालासोपाऱ्याला सुखरूप आहेत. स्वतःचा मृत्यू पडद्यावर बघायला ते एकदा सहकुटुंब आले होते आणि हार लहान वाटतो म्हणून तक्रार करून गेले.

हा सगळा संसार भाड्याने द्यावा लागतो, कारण व्हिडिओत चालेल असं घर वस्तीत सापडणं कठीण झालंय. खोली दहा बाय बारा, पण तिच्यात गॅस आहे, फ्रिज आहे, भिंतभर टीव्ही आहे. त्यामुळे शूटिंगच्या सकाळी पहिलं काम फ्रिज उचलून शेजारी नेण्याचं. दुसरं काम घरातल्या बाईला समजावण्याचं.

“मावशी, गाऊन नको. साडी नेसा.”

“घरात कोण साडी नेसून बसतं रे?”

“व्हिडिओत बसतात. नऊवारी आहे का, विचारतायत.”

“नऊवारी माझ्या सासूने सोडली. तिला वरून बोलव.”

शेवटी मावशी सुती साडी नेसून न पेटणाऱ्या स्टोव्हपुढे बसते. हिरो येतो, तिच्या पाया पडतो आणि डोळ्यांत पाणी आणून निघतो. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शकाला तिथे मुलासाठीची काळजी पाहिजे असते. मावशीच्या चेहऱ्यावर काळजी असतेच, पण ती फ्रिजमधल्या दुधाची. “परफेक्ट!” दिग्दर्शक ओरडतो. “काय पेन आहे!” मावशी लोकेशनला बाजूला घेऊन विचारते, “हा माझा मुलगा ना? मग त्याला सांग, बूट घालून चुलीपाशी यायचं नसतं.” हे वाक्य व्हिडिओत कधीच येत नाही. त्या एका वाक्यात घराचा जो धाक, जी शिस्त आहे, ती दाखवायला कुठलाच प्रॉडक्शनवाला पैसे देत नाही.

पोरांची भरती हा लोकेशनचा दुसरा विभाग. “चार जण दे, खतरनाक दिसणारे.” लोकेशन चार आणतो. एक दवाखान्यातला कंपाउंडर, एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेणारा, एक बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि एक हरिनाम सप्ताहात पखवाज वाजवणारा. दिग्दर्शक बघताक्षणी खूश. “बघ, हे खरे! असे चेहरे ॲक्टरला जमतच नाहीत.” सगळ्यांत खुनशी दिसतो तो लॅबवाला. त्याचा चष्मा काढून ठेवतात, त्यामुळे समोरचं काही दिसत नाही आणि तो डोळे बारीक करून बघतो. लोकेशन रांगेपुढून फिरत सूचना देतो, “दात दाखवायचे नाहीत. हसलात तर अर्धा दिवस कापतील. आणि पखवाज, तू मान डोलवू नको. हा अभंग नाही.” लॅबवाल्याच्या हातात हॉकी स्टिक येते. आयुष्यात पहिल्यांदाच. ती कशी धरायची ते त्याला कळत नाही, तेव्हा तो ती सलाइनच्या स्टँडसारखी उभी धरतो. तेवढ्या एका चुकीमुळे त्याला पुढे क्लोज-अप मिळाला. वेगळीच स्टाइल आहे म्हणे.

असल्फाच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमातून स्वयंसेवक आले आणि त्यांनी डोंगरावरची घरं रंगवून काढली. निळी, गुलाबी, पिवळी. मेट्रोतून जाणारे खिडकीशी फोन धरू लागले, पेपरांत इटलीतल्या पोझितानोशी तुलना झाली. लोकांना बरं वाटलं, लोकेशनच्या धंद्यावर मात्र गदा आली. भडकलेली गरिबी मागणारे वर बघून हिरमुसायचे. “यार, हे तर हॅपी दिसतंय.” शेवटी त्याने तोडगा काढला. रंगीत पार्टीला तो मेट्रोच्या बाजूने वर नेतो आणि रॅपवाल्यांना मागच्या, रंग न पोचलेल्या अंगाने. “पुढून इटली,” तो सांगतो, “मागून आपली.” छप्पर दोन्हीकडे गळतं, ही माहिती तो विचारल्याशिवाय देत नाही. विचारत कुणी नाही.

चहाच्या टपरीवर निवांत सापडला, तर लोकेशन आपल्या धंद्याचा इतिहास सांगतो, तो ऐकण्यासारखा असतो.

“काका, सुरुवातीला माझी गरजच नव्हती. २०१४ ला ‘आफत’ हे रॅप गाणं आलं. कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच शूट केलं. लोकेशन? स्वतःची गल्ली. भाडं शून्य. फ्रिज कुणी बाहेर काढला नाही.” पुढच्याच वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर नेझीचं ‘मेरे गली में’ आलं. मागे सोनी म्युझिक उभी राहिली, तरी शब्द, चाल आणि गल्ली पोरांचीच होती. पिन कोडचे शेवटचे आकडे पोरं बिरुदासारखी मिरवायला लागली: कुर्ला ७०, अंधेरी ५९, धारावी १७. ज्या आकड्यांवरून मुलाखत घेणारा साहेब अर्ज खाली सरकवायचा, ते आकडे टी-शर्टवर आले. मग १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ लागला, पुढच्या वर्षी तेरा फिल्मफेअर घेऊन गेला, आणि लोकेशनचा फोन वाजायला लागला. “तोवर पोरं गल्लीतून बाहेर कॅमेरा धरायची. नंतर बाहेरचे लोक गल्लीत कॅमेरा धरायला लागले.” पिक्चरवर त्याचा राग नाही. धारावीतल्या हिरोचं घर बघायला पर्यटक येतात, तो त्यातला प्रसंग त्याच्या विशेष आवडीचा. “त्या पिक्चरला सगळं कळत होतं. त्याच्या मागून आलेल्यांना फक्त धूर कळला.”

सगळ्यांनाच धूर कळला असंही नाही, हे तो प्रामाणिकपणे मान्य करतो. ‘स्वदेसी’ या रॅप ग्रुपच्या पोरांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हा आरेच्या जंगलात त्यांच्याबरोबर तिथलेच प्रकाश भोईर गायला उभे राहिले. “तिथे लोकेशनवाला नाही लागला. जंगल ज्यांचं तेच गात होते.” अशी गाणी निघाली की धंदा बुडतो, म्हणून तो उसासा टाकतो आणि गाणं परत लावतो.

एकदा एका दिग्दर्शकाला ‘थोडा लेजंडरी व्हाइब’ पाहिजे होता. लोकेशन त्याला जवळच चिरागनगरला घेऊन गेला. “सर, इथे अण्णा भाऊ साठे राहायचे. याच वस्तीवर त्यांनी ‘चिरागनगरची भुतं’ लिहिलं.”

“रॅपर?”

“शाहीर.”

“चॅनल आहे का त्यांचं?”

“होतं,” लोकेशन म्हणाला. “डफ.”

दिग्दर्शकाने नोंद करून घेतली आणि डफ भाड्याने मिळेल का विचारलं. डफ मिळाला. व्हिडिओत तो भिंतीवर टांगला, पाठीमागून निळा उजेड सोडला आणि समोर एक मॉडेल उभी केली. वाजवला कुणी नाही. वाजवणाऱ्याने काय विचारायचं, हा प्रश्न नाहीतरी अवघडच असतो. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात सत्ताकारणावर बोलणाऱ्या मराठी रॅप गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, तेव्हा लोकेशनच्या पोरांनी त्या बातम्या एकमेकांना पाठवल्या आणि त्या आठवड्याच्या शूटिंगला नेहमीसारखी प्लास्टिकची तलवार घेऊन उभी राहिली. “आमच्या हातात हत्यार चालतं,” लोकेशन म्हणाला. “तोंडात प्रश्न चालत नाही.”

याच पोरांनी फोनवर स्वतःचे व्हिडिओ केले, तर त्यांना ‘छपरी’ म्हणतात. केस रंगवून, बाइकवर टेकून, स्लो मोशनमध्ये मान वळवणारा लोकेशनही एके काळी टिकटॉकवर होता. शिकल्यासवरल्या पोरांनी त्याची नक्कल करून शिकल्यासवरल्या मित्रांना हसवलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि लोकेशनची मान अर्ध्यात राहिली. पुढे एका कपड्याच्या ब्रँडचा व्हिडिओ त्याच्याच गल्लीत शूट झाला. तेच रंगवलेले केस, तीच बाइक, तीच वळलेली मान. फक्त मान वांद्र्याची होती. त्याला ‘स्ट्रीट’ म्हणाले. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, त्या रात्री डोंगराखालच्या टॉवरमध्येही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी लोकेशन तिथे पार्सल घेऊन गेला, तर स्टॅनसारखे केस बघून वॉचमनने दोनदा नाव विचारलं.

व्हिडिओचे पैसे रविवारी मिळतात, त्याची किंमत सोमवारपासून चुकवायची असते. लोकेशनचं लग्न ठरत होतं. बदलापूरची मंडळी, मुलगी नर्स. मुलीच्या वडिलांनी भावी जावयाची चौकशी म्हणून यूट्यूब उघडलं, आणि त्यांना उघडा, अंगाला तेल चोपडलेला, टायर पेटवणारा जावई दिसला. लोकेशनने घाईघाईने बँकेचा व्हिडिओ लावून दाखवला. त्यात तोच पहाटे सायकलवरून दूध घालत होता, आणि कुंकू लावलेली मावशी त्याला ओवाळत होती.

“हे दोन्ही तूच?” वडील म्हणाले. “मग खरा कुठला?”

“खरा त्यांना नको होता, काका. खरा मोबाइलवर ऑर्डर बघत असतो.”

लग्न ठरलं, कारण मुलीला दोन्ही व्हिडिओ खोटे आहेत हे पहिल्या मिनिटात कळलं होतं. दूध घालणाऱ्याच्या मनगटावर एवढं मोठं घड्याळ नसतं, असं तिचं निरीक्षण.

बँकेचं तसं नाही. ज्या बँकेसाठी त्याने पहाट, सायकल आणि मावशी पुरवली, तिच्याकडेच त्याने बाइकसाठी कर्ज मागितलं. पत्ता तपासायला माणूस आला, डोंगर चढून धापा टाकत दारात टेकला, आणि खेदाने म्हणाला की हा एरिया निगेटिव्ह आहे. लोकेशनने त्याला फोनवर जाहिरात दाखवली. हेच दार, हाच उंबरा, खाली बँकेचं नाव आणि स्वप्नांबद्दल एक वाक्य. माणसाने शेवटपर्यंत बघितली. छान आहे, म्हणाला. मग पाणी मागितलं, प्यायला, आणि ‘निगेटिव्ह’वर खूण करून खाली उतरला.

इतकं होऊनही लोकेशन कडवट झाला नव्हता. त्याचे डोळे उघडायला सोसायटीचा सेक्रेटरी भेटावा लागला.

झालं असं, की लोकेशनच्या भाच्याने गाणं लिहिलं. मराठीत, मधे मधे आपली डोंगराची हिंदी. विषय सर्व्हिस लिफ्ट. पार्सलवाल्याने मुख्य लिफ्टने यायचं नाही, अशी पाटी असते ना, तिच्यावर. पोरांना गल्लीत शूट करायचं नव्हतं. “मामा, गल्ली सगळ्यांनी बघितली. आम्हाला बाविसावा मजला पाहिजे.” म्हणजे या खेपेला लोकेशनला श्रीमंतीची रेकी करायची होती.

डोंगराखालच्या टॉवरमध्ये तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सेक्रेटरी निवृत्त अधिकारी, बोलायला सभ्य. कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी स्वतःच्या घरात बसवलं. लोकेशनने सवयीने मोजपट्टी काढली आणि दिवाणखान्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“भिंत फारच कोरी आहे. पण चालेल. रॉ आहे.”

“काय आहे?”

“काही नाही. हे झाड खरं का?”

“नाही, प्लास्टिकचं.”

“राहू दे, ऑथेंटिक वाटतं. काका, इथे खरंच एवढ्या खुर्च्या असतात, की पाहुणे येणार म्हणून मांडल्यात? काही हलवू नका. आवराआवर करू नका. आजी आहेत का घरात? त्या योगाच्या चटईवर मागे बसतील. कुत्रं आहे कुणाकडे? परदेशी पाहिजे. आणि तुम्ही दारात उभे राहायचं, वैतागून. ॲक्टिंग नको, रोज मला बघून जसे वैतागता तसंच.”

सेक्रेटरींनी चहा पुढे केला आणि एक छापील कागदही. सोसायटीची ना हरकत, कमिटीचा ठराव, दिवसाचं भाडं, अनामत रक्कम चेकने, जीएसटीचं बिल, संध्याकाळी सातनंतर आवाज बंद, सामायिक जागेत कॅमेरा नाही. “आणि मुख्य म्हणजे स्क्रिप्ट आधी द्या. सोसायटीची बदनामी होईल असं काही असेल तर परवानगी मिळणार नाही. आमचे चेहरे, आमची घरं आहेत ही.”

लोकेशनने चहाचा कप खाली ठेवला. “स्क्रिप्ट आधी मागता येते?”

“अर्थात! आपलं घर कशात दाखवणार, हे विचारायला नको?”

त्या दिवशी तो डोंगर चढताना कुणाशी बोलला नाही म्हणे. इतकी शूटिंगं लावली, इतक्या दारांतून फ्रिज काढले, पण मावशीने किंवा मामाने, कंपाउंडरने किंवा त्याने स्वतः कधीच विचारलं नव्हतं, की आम्ही यात कोण आहोत. भाड्यात किती मिळणार, एवढंच विचारायचं असतं असं सगळे समजून चालले होते.

सोसायटीने अर्थातच परवानगी नाकारली. सर्व्हिस लिफ्ट ही अंतर्गत बाब आहे, असा कमिटीने ठराव केला. तेव्हा लोकेशनने बाविसावा मजला मावशीच्या खोलीत उभारला. श्रीमंतीला सामान कमी लागतं, त्याला आश्चर्य वाटलं. एक सोफा, एक प्लास्टिकचं झाड, एक योगाची चटई. कठीण होतं ते जागा रिकामी करणं. मावशीचा संसार चार शेजाऱ्यांकडे हलवला, भिंतीला पांढरा रंग दिला, खिडकीत पवईच्या तळ्याचं फ्लेक्स लावलं. मामांच्या फोटोचा हार काढून त्यांना सोनेरी फ्रेममध्ये बसवलं. या खेपेला ते कंपनीचे संस्थापक. सेक्रेटरीचं काम लॅबवाल्याने केलं. चष्मा घालून तो इतका सभ्य दिसला, की पोरांनाच त्याच्याशी बोलताना ‘अहो-जाहो’ सुचू लागलं.

व्हिडिओ आला. आठवड्याने खऱ्या सेक्रेटरींचा लोकेशनला संतापलेला फोन. नातवाने दाखवला होता. “परवानगी नसताना तुम्हाला आमच्या बिल्डिंगमध्ये सोडलं कोणी? कुणाचा फ्लॅट आहे तो? आम्ही ओळखला आहे, सी विंग!”

लोकेशन सांगतो की आयुष्यात त्याला मिळालेलं हे सर्वांत मोठं बक्षीस. मावशीच्या दहा बाय बाराला सी विंग म्हणून कुणी ओळखेल, असं तिच्याही स्वप्नात नव्हतं. तिने पांढरा रंग तसाच ठेवला, फ्रिज परत आणला आणि प्लास्टिकचं झाड फ्रिजवर.

आता लोकेशनचं छापील दरपत्रक आहे. अनामत रक्कम आधी. फ्रिज हलवण्याचे वेगळे पैसे, न हलवल्यास सूट. गाऊनमध्ये शूट केल्यास मावशीचा दर निम्मा. हत्यार धरण्याचे दुप्पट. चष्मा घालून उभं राहण्याचे काही नाही. मामांना मारायचं असल्यास त्यांची लेखी संमती. आणि सगळ्यांत वर, ठळक: स्क्रिप्ट आधी द्यावी, वस्तीची कमिटी वाचून कळवील.

पहिल्याच दिग्दर्शकाने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “बॉस, एवढे नियम असतील तर रॉ कसं वाटणार?” तो निघून गेला. पंधरा दिवसांनी कळलं की गोरेगावच्या फिल्मसिटीत तो असल्फाच्या गल्लीचा सेट लावतोय. लोकेशनला नवल वाटलं नाही. रजनीकांतच्या २०१८ मधल्या ‘काला’साठी धारावीच्या गल्ल्यांचा सेट चेन्नईत लागला होता, हे त्याला माहीत होतं. प्लायवूडची वस्ती कधी स्क्रिप्ट मागत नाही.

तरी एक वस्तू त्यांना कुठेच मिळेना. आर्टवाल्यांचा फोन आला, “भाई, तो पितळी स्टोव्ह पाठव ना.”

लोकेशनने स्टोव्ह घासूनपुसून पाठवला. अनामत घेऊन, पावती देऊन. आणि सोबत एक कागद: हा स्टोव्ह कुणाच्या घरात ठेवणार, त्या घरातली माणसं कामाला कुठे जातात, आणि त्यांच्याकडे गॅस का नाही, हे तीन दिवसांत लिहून कळवावे.